एक निळा कमी आहे

स्क्रँटनच्या कम्युनिटी कॉलेजात, मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता,
अणू डब्यातून मिळतात.
काळे कार्बन, पांढरे हायड्रोजन, लाल ऑक्सिजन, करड्या काड्या,
आणि झाकणावर कुणीतरी पेनाने लिहून ठेवलेलं:
एक निळा कमी आहे.

कोवाल्चिक सर म्हणतात, आधी मिथेन.
मिथेन मला येतो.
मंठ्याच्या शाळेत शंभरदा काढलाय:
मधे सी, चार दिशांना एच,
थेट बेरजेचं चिन्ह.
पत्की बाई पट्टी लावून तपासायच्या,
काटकोन चुकला की अर्धा मार्क गेला.

मी चार काड्या खोचते, चार पांढरे बसवते,
आणि हा काही केल्या टेबलावर आडवा होत नाही.
तीन पायांवर उभा राहतो,
चौथा हात छताकडे,
उत्तर येणाऱ्या पोरासारखा.

"कागदावर सपाट दिसतो, कारण कागद सपाट असतो,"
ब्रायना म्हणते, च्युइंगम चघळत.
वय वीस. बुटांवर रस्त्यातल्या मिठाचे पांढरे डाग.
तीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.
बाईंना तरी कुणी सांगितलं असेल?
त्यांच्या हातात काड्या कुठे होत्या, खडू होता.

एकशे साडेनऊ अंश, सर सांगतात.
इलेक्ट्रॉनच्या जोड्या एकमेकींना टाळतात,
जमेल तितक्या लांब सरकतात,
पण मधल्याला सोडत नाहीत.
जालना रोडच्या प्लॉटची वाटणी झाली त्या दुपारी
आम्ही चौघं बहीणभाऊ आईभोवती
असेच बसलो होतो.
कोन कुणी मोजला नव्हता.

मग सममिती.
एकीनं डोळे मिटायचे, दुसरीनं रेणू फिरवायचा.
डोळे उघडल्यावर ओळखता आलं नाही,
तर ती सममिती.
ब्रायना डोळे मिटते.
मी वरचा हात चिमटीत धरून
एक तृतीयांश फिरवते.
"उघड."
उघडत नाही.
काल गोदामात रात्रपाळी होती तिची, आजही आहे.
मी पुन्हा फिरवते. आणखी एकदा.
तीनदा फिरून तो जिथे होता तिथे येतो,
आधीच्या दोन वेळाही तिथेच असल्यासारखा.
साक्षीला कुणी नाही.
मी एक पांढरा काढून हिरवा क्लोरीन लावते,
म्हणजे जागी झाल्यावर तिला सोपं जाईल.

अमोनियाला निळा लागतो.
सर म्हणतात, काळाच घ्या, निळा समजा.
तीन पांढरे लावले. चौथं भोक उरलं.
"हे रिकामं?"
"रिकामं नाही. तिथे एक जोडी आहे. मधल्याचीच,
पण बाहेर कुणाशी जोडलेली नाही.
दिसत नाही, आणि उरलेल्या तिघांना ढकलते."
एकशे सात.

अडीच अंश.

मी पेन्सिल खाली ठेवते.
मोठा दिगू आईजवळच राहतो.
तिची बीपीची गोळी तोच देतो, कमोडचं हँडलही त्यानेच बसवलं.
आमच्याशी चार वर्षं बोललेला नाही.
आम्ही तिघं पूर्वी दिवाळीपुरते फोन करायचो,
आता दर रविवारी करतो.
कोण कुणामुळे सरकलं,
हे मी आजवर प्रेम समजत होते.
असेलही.

वर्कशीटच्या तळाला बारीक टीप आहे:
आकाराला नाव देताना ती जोडी धरू नये.
कोन काढताना धरावी.

"फिरवलास?" ब्रायना दचकून उठते,
गालावर बाहीची शिवण उमटलेली.
टेबलावर बघते, हिरव्याकडे,
मग त्या भोकाकडे.
"इथलं काय पडलं?"
आणि वाकून
बाकाखाली शोधायला लागते.